पाळीखालचा मुक्काम

त्या वर्षी श्रावणात आठ दिवस ऊन पडलं नव्हतं. सौंसरच्या आमच्या बिजली ऑफिसात फायलींना बुरशी धरली होती. रोज सकाळी छिंदवाड्याहून येणाऱ्या बसचा कंडक्टर उतरल्याउतरल्या सांगायचा, की आज घाटीत अमुक ठिकाणी माती खाली आली, तमुक ठिकाणी झाड पडलं. ऐंशीच्या दशकातलं मधलं कुठलंसं वर्ष. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि ऑफिसात कारकून होतो. कागदावर सही करून पगार घेणारा आमच्या घरातला मी पहिला. बाप जन्मभर दुसऱ्यांच्या कापसात राबला. त्याला कुणी 'अहो' म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात माझी चूक कुठून आली ते याशिवाय कळणार नाही.

माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा, आमचे भाऊजी, पांढुर्ण्याच्या एका शेटकडे ड्रायव्हर होते. शेटची तिगावच्या बाजूला संत्र्याची मोठी बाग होती, गावात आडत होती आणि दारात दोन जीपा होत्या. एक नवी, दुसरी मिलिटरीच्या लिलावातून आणलेली जुनी. पावसाळ्यात लोक आपल्या गाड्या छपराखाली ठेवत, तेव्हा शेट आपल्या बाहेर काढत. चिखलात, नाल्यात, दगडधोंड्यांतून जीप काढायची आणि डोंगरात तंबू ठोकून एक मुक्काम करायचा, हा त्यांचा शौक. वर्षातून दोनतीनदा ते असे निघत. त्या खेपेला त्यांना नागपूरहून आलेल्या एका पाहुण्याला हा खेळ दाखवायचा होता. मला त्यांनी का बोलावलं तेही उघड होतं. बागेतल्या पंपाच्या लाइनचा त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर होता. मला ते कळत होतं, तरी मी हुरळलो. शनिवारची सुट्टी टाकली.

भाऊजी आदल्या संध्याकाळीच जुनी जीप घेऊन सौंसरला आमच्याकडे मुक्कामाला आले होते. ताईही सोबत आली होती. निघताना ती दारात उभी राहिली. "एवढ्या पाण्यात कोण जाते डोंगरात?" ती म्हणाली.

"मी काय मौजेनं जाऊन राहिलो काय?" भाऊजी म्हणाले. "मालकानं सांगतलं तर जा लागते."

मग ती माझ्याकडे वळली. "तुले तर कोणी सांगतलं नाही ना? तू काहून चालला?"

 मी रेनकोट घातला. तो नवा होता, काळा, गुडघ्यापर्यंत येणारा. सौंसरमध्ये तसा रेनकोट फक्त तहसीलच्या साहेबांकडे होता.

आम्ही पाच जण होतो. पुढच्या नव्या जीपमध्ये शेट स्वतः चाकावर, शेजारी पाहुणा. मागच्या जुन्या जीपमध्ये भाऊजी, मी आणि सौंसरच्या गॅरेजचे मिस्त्री. मिस्त्री पन्नाशीचे होते, बोलायला कमी, आणि गाडीच्या आवाजावर कान ठेवून बसायचे. त्यांच्या पायाशी सब्बल म्हणजे पहार, फावडं, दोन दोरखंड आणि टायरच्या साखळ्या होत्या. रामाकोना मागे पडलं तेव्हा कन्हानचं पाणी पुलाच्या खांबांना घासत चाललेलं दिसलं. पाण्यात एक आख्खं छप्पर वाहत होतं. कौलं गळून गेलेली, नुसता सांगाडा. पाहुण्यानं पुढची जीप थांबवून त्याचा फोटो काढला. मिस्त्रींनी आपल्या बाजूची ताडपत्री खाली ओढून घेतली.

सिलेवानीची घाटी अर्धी चढल्यावर शेटनी डांबरी रस्ता सोडला आणि लाकूड वाहणाऱ्या गाड्यांच्या जुन्या वाटेनं जीप सागाच्या जंगलात घातली. तिथून खरा खेळ सुरू झाला. लाल मातीचा रेंदा झाला होता. चाकं जिथल्या तिथं फिरायची, गाडी आडवी व्हायची, चिखल काचेवर येऊन बसायचा. भाऊजी लो गिअर टाकून, दात आवळून, जीप बैलासारखी चालवत होते. दोनदा आम्ही उतरून ढकललं, एकदा साखळ्या चढवल्या. पाहुणा पुढे आरडाओरडा करत हसत होता. मलाही गंमत वाटत होती, हे खोटं कशाला बोलू? पण जंगलात एक गोष्ट खटकत होती. पाखरांचा आवाज नव्हता. नुसतं पाणी. पानांवरून, खडकावरून, मुळांखालून, दिसत नसलेल्या जागांतून पाणी वाहत असल्याचा एकसारखा आवाज, आणि तो आम्ही जाऊ तिथं आमच्यासोबत येत होता.

दुपारी तीनच्या सुमाराला झाडी संपली आणि खाली एक ढाना दिसला. गोंडांच्या छोट्या वस्तीला तिकडे ढाना म्हणतात. अकरा घरं, एका नाल्याच्या काठाला. घरांच्या वरच्या अंगाला, दोन टेकड्यांच्या मध्ये, मातीची लांब पाळ होती आणि पाळीमागे तलाव. कुठल्याशा जुन्या मालगुजारानं, म्हणजे जमीनदारानं, कधीकाळी बांधलेला. मालगुजारी गेली, तलाव राहिला, आणि त्याचा धनी कुणीच उरला नाही.

ढान्यात गडबड चालली होती. बायामाणसं डोक्यावर टोपल्या घेऊन घरांतून टेकडीकडे चढत होती. दोन गडी धान्याची मातीची कोठी दोराने बांधून वर नेत होते. आमच्या जीपा दिसल्या आणि सगळे जागच्या जागी थांबले. मग एक म्हातारा, डोक्यावर खाकी फेटा, हातात काठी, घाईघाईने खाली आला. तो तिथला कोटवार होता, म्हणजे गावचा राखणदार. तो हिंदी आणि आपली बोली मिसळून बोलत होता. मी त्याचं बोलणं आमच्या भाषेत लिहितो.

त्यानं शेटकडे पाहिलं नाही, पाहुण्याकडेही नाही. तो सरळ माझ्यासमोर आला. माझ्या अंगात तो काळा रेनकोट होता, आणि खिशात डायरी आणि पेन. त्यानं वाकून हात जोडले.

"या साहेब. लय दिवस वाट पाहिली. अर्ज दिला होता आम्ही."

त्या काळात त्या डोंगरात जीप म्हणजे सरकार. दुसरं कोण जीप घेऊन येणार? तलावाची पाळ पाहायला साहेब आले, असं त्यांना वाटलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात शेट हसत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हो, हो. साहेबच आहेत. आधी साहेबांसाठी सुकं लाकूड आणि एक कोंबडा पाहा." आणि मला हळूच म्हणाले, "राहू द्या ना बाबूसाहेब. काय बिघडते? आपलं काम होऊन जाते."

त्या क्षणी मी 'नाही' म्हणायला हवं होतं. किती सोपं होतं ते. पण त्या म्हाताऱ्याचे हात अजून जोडलेले होते. माझ्या बापाच्या वयाचा माणूस माझ्यासमोर वाकून उभा होता, आणि मला, कसं सांगू, छातीत ऊब वाटली. मी म्हणालो, "चला, दाखवा."

कोटवार मला पाळीवर घेऊन गेला. मागून ढान्यातली सगळी माणसं आली. तलाव काठोकाठ भरला होता. वरून वाहून आलेल्या फांद्या सांडव्याच्या तोंडाशी अडकल्या होत्या, त्यामुळे पाणी नीट निघत नव्हतं. पण कोटवारानं मला ते दाखवलं नाही. तो मला पाळीच्या घरांकडच्या उतारावर घेऊन गेला आणि काठीनं एक जागा दाखवली. गवत तिथे लवलवत होतं, जमीन पायाखाली दबत होती, आणि मनगटाएवढ्या भोकातून पाणी येत होतं. ते पाणी चहाच्या रंगाचं होतं.

"चार दिवस झाले," तो म्हणाला. "आधी नितळ होतं. काल सकाळपासून असं होऊन राहिलं. भीती आहे का साहेब? आम्ही सामान वर नेऊन राहिलो. पण वर छप्पर नाही, लेकरं भिजतात, धान्य भिजते. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू."

तीसेक माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मला मातीतलं काहीच कळत नव्हतं. मला मीटरचं रीडिंग आणि थकबाकीच्या नोटिसा एवढंच कळत होतं. मी डायरी काढली आणि तिच्यात काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते आज आठवत नाही, बहुतेक तारीखच लिहिली असेल. मग मी साहेब जसे मान हलवतात तशी मान हलवली आणि म्हणालो, "पाहिलं. रिपोर्ट देतो. घाबरू नका."

घाबरू नका. हे दोन शब्द मी बोललो. कुणी मला बोलायला लावले नाहीत.

आम्ही मुक्कामाला अर्धा कोस खाली गेलो. तिथे त्याच नाल्याच्या काठाला सपाट, हिरवीगार जागा होती. पाहुण्याला ती फार आवडली. आम्ही तंबू ठोकत होतो तेव्हा कोटवार लाकूड घेऊन आला. तंबू कुठे आहे ते त्यानं नीट पाहिलं, मागे वळून नाला पाहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला.

"साहेब स्वतःच पाळीखाली मुक्काम करून राहिले," तो बरोबरच्या गड्याला म्हणाला. "मग आपल्याला काय?"

संध्याकाळी अंधार पडायच्या आधी वरच्या बाजूला हालचाल दिसली. मी पाहिलं, तर टोपल्या घेतलेली माणसं टेकडीवरून खाली घरांकडे उतरत होती. धान्याची ती कोठी दोन गडी परत खाली आणत होते. गुरंही खाली चालली होती. मी एकटक पाहत राहिलो. 

मिस्त्री माझ्याजवळ येऊन उभे राहिले. तेही तिकडेच पाहत होते.

"बाबू," ते म्हणाले, "कोटवार सांगत होता, त्या भोकातून पाणी कोणत्या रंगाचं होतं?"

"लालसर. गढूळ."

मिस्त्रींनी नाल्याकडे नजर वळवली. मग म्हणाले, "रेडिएटर थोडा पाझरला तर चालते. नितळ पाणी येऊन राहिलं तर मी गाडी नागपूरपर्यंत जाऊ देतो. पण पाण्यासोबत गंज येऊन राहिला, तर समजाचं आतून खाऊन राहिलं. मग तो कधी फुटते त्याचा भरोसा नाही."

"पण तो रेडिएटर, मिस्त्री. ही माती हाय."

"हो. माती तर अजून नरम राहते."

मी शेटकडे गेलो. म्हणालो, आपण वर जाऊन त्यांना खरं सांगू. शेट कोंबड्याचा रस्सा ढवळत होते. ते म्हणाले, "आता? आता सांगाल तर ते कुऱ्हाडी घेऊन येतील. शंभर वर्षं उभी हाय ते पाळ. उद्या दुपारी निघू, रस्त्यात कोण्या साहेबाले निरोप देऊ." पाहुणा हसला. पाऊस पुन्हा सुरू झाला. आणि मी, काय सांगू, तंबूत जाऊन निजलो. झोप लागली नाही. पण उठून गेलोही नाही, हे खरं.

फटफटलं तेव्हा मी बाहेर आलो. नाला हातभर वर आला होता आणि पाणी विटेच्या रंगाचं झालं होतं. त्यात बारीक खडे होते, गवताची मुळासकट उपटलेली ढेकळं होती. भाऊजी आधीच उठून काठावर उकिडवे बसले होते.

"भाऊजी," मी म्हणालो, "मी वर जाऊन राहिलो. पायी."

ते उठले. "पायी कशाला? जीप हाय ना."

शेटनी तंबूतून डोकं बाहेर काढलं. "कुठं चालले बे गाडी घेऊन?"

"ढान्यात," भाऊजी म्हणाले. "यानं लोकायले खोटं सांगतलं. खरं सांगून येतो."

"माझी जीप हलली तर पुन्हा माझ्या दारात येऊ नको."

भाऊजींना दोन लेकरं होती. दुसरं काम हातात नव्हतं. मी त्यांच्याकडे बघण्याचंही टाळलं. त्यांनी खिशातून बिडी काढली, ती भिजलेली होती, फेकून दिली. "बरं," एवढंच म्हणाले आणि चाकावर बसले. मिस्त्री माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तुम्ही जा. मी या दोघायले टेकाडावर चढवतो. कसंही करून चढवतो."

अर्ध्या कोसाची ती चढण मी कधी विसरणार नाही. रात्रभरच्या पावसानं वाट उरली नव्हती, तिचाच ओढा झाला होता. भाऊजी गाडी झाडांमधून, खडकांवरून घालत होते. एका जागी डावी चाकं नाल्याच्या काठावर आली आणि काठ खचला. जीप तिरकी झाली. मला खाली तांबडं पाणी दिसलं, इतकं जवळ की त्याचा वास आला. भाऊजी ओरडले, "उजवीकडं टांग! बाहेर लटक!" मी दाराच्या चौकटीला धरून सगळं अंग बाहेर टाकलं. इंजिन किंचाळलं, चाकांनी दगड धरला आणि गाडी वर आली. 

कोटवार अंगणात दात घासत होता. आम्हाला पाहून त्याने चूळ भरली आणि हात जोडायला वर केले. मी उतरलो. रेनकोट जीपमध्येच ठेवला होता.

"हात जोडू नका," मी म्हणालो. "मी साहेब नाही. मी बिजली ऑफिसात कारकून हाय. मला तलावातलं काहीच समजत नाही. काल मी खोटं बोललो. पाळ आतून खचून राहिली. आत्ताच्या आत्ता सगळे वर चला."

त्याचे हात तसेच अर्धवट राहिले. मग ते खाली आले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं. मी माराची वाट पाहत होतो. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तू," तो म्हणाला. काल तो 'तुम्ही' म्हणत होता. "तू चल माझ्यासोबत. घरोघर जाऊन तूच सांग. माझं आता कोणी ऐकणार नाही. काल मीच सगळ्यांना खाली आणलं."

अकरा घरं. मी अकरा दारांत उभा राहिलो आणि अकरा वेळा तेच बोललो. मी साहेब नाही. मी खोटं बोललो. वर चला. पहिल्या दारात बोलताना जीभ अडखळली, चौथ्या-पाचव्यापर्यंत पाठ झालं, आणि नंतर पुन्हा अडखळायला लागली. एका बाईच्या कडेवर ताप आलेलं लेकरू होतं. ती म्हणाली, "काल वर नेलं तेव्हा भिजलं, म्हणून याला ताप. आज पुन्हा वर ने म्हणतोस?" एक तरुण गडी माझ्या अंगावर धावून आला. कोटवारानं काठी आडवी धरली. "नंतर," तो म्हणाला. "आधी माणसं."

भाऊजींनी जीपमधून म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना टेकडीवर सोडायला सुरुवात केली. तीन खेपा केल्या. गडी पुन्हा कोठ्या उचलायला लागले तेव्हा कोटवारानं त्यांना ओरडून थांबवलं. वेळ नव्हता, हे त्याला पाळीकडे नुसतं बघून कळलं होतं. मलाही दिसलं. कालचं मनगटाएवढं भोक आता बैलाच्या डोक्याएवढं झालं होतं, आणि त्याच्या वरची माती मधोमध बसली होती, जसं भरल्या पोत्याला खालून भोक पडल्यावर वरचं तोंड बसतं.

गुरं सोडायला चार गडी गेले. नाल्याकाठच्या गोठ्यांतली काही सुटली, काही दाव्याला तशीच राहिली. मी टेकडीवरून बघत होतो. मग पाळीवरचं एक झाड, पळसाचं असावं, उभ्याउभ्या खाली गेलं. पडलं नाही, खाली गेलं. आवाज नंतर आला. मला वाटलं होतं मोठा धडाका होईल. तसं काही झालं नाही. एक लांबलचक घरघर आली, जमिनीतून, पायांना जाणवणारी, आणि पाळीच्या जागी एक तांबडी भिंत पुढे सरकली. ती घरांवर आदळली नाही, घरांना तिनं उचललं. कौलं थोडा वेळ पाण्यावर रांगेनं दिसली. दाव्याला बांधलेल्या बैलांचा आवाज आला आणि एकदम बंद झाला. हे सगळं होऊन जायला, एका माणसानं हळूहळू एक ते शंभर मोजावेत, एवढाच वेळ लागला असेल.

टेकडीवर कुणी रडलं नाही. लोक फक्त मोजत होते. एकमेकांकडे बघून, बोटांवर, आपापली माणसं. गुरं सोडायला गेलेल्या चारांपैकी तीन वर आले होते. चौथा, तो माझ्या अंगावर धावून आलेला गडी, दिसत नव्हता. त्याच्या आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं मला एकदाही पाहिलं नाही, आणि ते मला जास्त जड गेलं. तासाभरानं तो खालच्या अंगाच्या एका मोहाच्या झाडावर सापडला. एक हात खांद्यातून निखळलेला, पाठ सोलवटलेली, पण जिवंत. भाऊजींनी आणि आणखी दोघांनी त्याला दोरखंडानं उतरवलं.

माणूस एकही गेला नाही. बैल गेले, धान्य गेलं, अकरातली नऊ घरं गेली. लोक मला नंतर म्हणाले, जीव तर वाचवलेस ना, मग? पण हिशेब तसा नाही. मी शनिवारी तोंड उघडून खरं बोललो असतो, तर त्यांचं धान्य टेकडीवरच राहिलं असतं आणि गुरंही टेकडीवरच राहिली असती. ती मी खाली आणली.

मिस्त्रींनी शेटला आणि पाहुण्याला वेळेत टेकाडावर चढवलं होतं. पाहुणा निघायला तयार नव्हता, तेव्हा मिस्त्रींनी तंबूचे दोर सरळ कापून टाकले. नवी जीप मात्र शेटनी शेवटच्या क्षणी काढायचा प्रयत्न केला आणि ती तिथेच सोडून त्यांना पळावं लागलं. आम्ही दुपारी त्यांना भेटलो तेव्हा शेट एका खडकावर बसले होते, अंगावर घोंगडी, आणि जिथं तंबू होता तिथं वाहणाऱ्या पाण्याकडे बघत होते.  भाऊजींना फक्त म्हणाले, "किल्ली दे." भाऊजींनी किल्ली दिली. मग सगळे त्याच जीपमध्ये, शेट चाकावर, चार तास लागून डांबरी रस्त्यावर आलो. जखमी गड्याला मागे आडवं ठेवलं होतं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. खड्डा आला की तो कण्हायचा, आणि मी त्याचा खांदा धरून ठेवायचो. त्याला छिंदवाड्याच्या दवाखान्यात पोहोचवलं.

भाऊजींचं काम गेलं. पाच महिने ते घरी होते. मग नागपूरच्या बाजूला एका ट्रकवर लागले आणि महिन्यातून दोनदा घरी यायला लागले. ताईनं मला कधी दोष दिला नाही. एकदाच, भाकरी थापताना, ती म्हणाली, "ते म्हणत होते, तू अकराच्या अकरा दारांत गेला." आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.

शेटच्या पंपाचा अर्ज मी नियमाप्रमाणे पुढे पाठवला. तो मंजूरही झाला. त्यांनी त्यानंतर ऑफिसात येऊन माझ्याशी कधी बोलणं केलं नाही, मीही नाही.

दिवाळीनंतर मी पुन्हा ढान्यात गेलो, घाटीपर्यंत बसनं आणि पुढे पायी. सरकारी मदतीचे फॉर्म घेऊन गेलो होतो. ते भरून द्यायला ऑफिसातली शिकलेली माणसं लागतात, एवढं तरी मला येत होतं. वस्ती आता टेकडीवर उभी राहत होती. खाली पाळीच्या जागी दोन टेकड्यांमध्ये एक मोठी खाच होती आणि तिच्यातून एक लहानसा ओहळ वाहत होता. त्या ओहळाकडे गुरं फिरकत नव्हती. कोटवार म्हणाला, हाकलली तरी तिकडे उतरत नाहीत.

त्यानं फॉर्म हातात घेतले, उलटसुलट केले आणि परत माझ्याकडे दिले. "हे नंतर," तो म्हणाला. घराच्या आढ्याची बल्ली खाली पडलेली होती, सागाची, ओली, जड. एका टोकाला तो तरुण गडी उभा होता. त्याचा उजवा हात अजून पुरता वर जात नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या बघण्यात काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

"ते टोक धर," कोटवार मला म्हणाला.

मी धरलं. दिवस मावळेपर्यंत आम्ही चार बल्ल्या चढवल्या.  माझी शेवटची बस गेली.